कुंडीतलं ज्युनिपर आणि काढ्यातलं हाऊबेर

घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रस्त्यालगतच्या नर्सरीतून 'ज्युनिपर' म्हणून एक झाड आणलं. बाल्कनीत ते छान वाढलं आणि यंदा त्याला 'निळसर राखाडी, बोराएवढी, वर छोटी शिंगं असलेली' फळं धरली. आईंचं वय ६८, मूतखड्याचा त्रास, रक्तदाबाची गोळी चालू. वैद्यांनी दिलेल्या काढ्याच्या यादीत हपुषा आहे आणि ती जांभळी नाक्यावर दोन दुकानांत मिळाली नाही. हपुषा म्हणजे ज्युनिपर हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि विचारलं, घरचीच ताजी फळं ठेचून घातली तर चालेल ना?

नाही चालणार. काढा आजच करायचा असेल तर एवढं वाचून थांबलात तरी हरकत नाही, फक्त ती फळं त्यात घालू नका. वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण ही चूक तुमच्या एकट्याची नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पोत्यांतही ती असायची.

मी नेरुळला राहते. वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि नंतर वीसेक वर्षं महापे-रबाळे पट्ट्यातल्या छोट्या औषध कारखान्यांसाठी काष्ठौषधींचा कच्चा माल ओळखून द्यायचं काम केलं. मूठभर नमुना पुडीत यायचा, वर नाव लिहिलेलं असायचं, आणि पुडीवर जे नाव तेच आत आहे का एवढंच मी सांगायचं. मी वैद्य नाही. आईंना काय द्यावं, किती द्यावं हे तुमच्या वैद्यांनीच ठरवायचं. हातातली वस्तू कोणती आहे, हे मात्र मी सांगू शकते.

तुम्ही फोटो दिलेला नाही, पण 'शिंगं' हा एक शब्द लिहून माझं निम्मं काम केलंत. ज्युनिपरच्या फळाला अशी शिंगं नसतात. तुमच्या बाल्कनीत आहे ती बहुधा मोरपंखी. शाळेत असताना आपण पुस्तकात ठेवायचो ती 'विद्या'. तिचं शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस, मूळची चीन-कोरियाकडची. नर्सरीवाले तिला कधी थुजा म्हणतात, कधी सायप्रस, कधी ज्युनिपर. सगळी एकाच कुळातली, सगळी हिरवी, टोकाला निमुळती, गिऱ्हाइकाला 'ख्रिसमस ट्री'सारखी वाटणारी. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असंही नाही. त्याच्याकडे रोपं पुण्याकडून टेम्पो भरून येतात आणि तिथून जे नाव आलं तेच तो पुढे सांगतो.

ओळखायची कशी? झाडाजवळ जा आणि एक फांदी हातात घ्या. मोरपंखीची फांदी चपटी असते, वहीत दाबून वाळवल्यासारखी, आणि तिचे पंखे उभे असतात, पुस्तकं कपाटात उभी लावतात तसे. पानं म्हणजे बारीक खवले, एकमेकांवर चिकटून बसलेले. आता फळ बघा. कोवळं असताना मांसल, निळसर, वर पांढुरकी साय. सहा-आठ जाड खवले जोडून ते बनलेलं असतं आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाला वळलेला आकडा असतो. तीच तुमची शिंगं. पिकल्यावर हे फळ तपकिरी, लाकडी होतं, खवले फाकतात आणि बी खाली पडतं.

काढ्यातली हपुषा म्हणजे ज्युनिपरस कम्युनिस, तिचीच वाळलेली फळं दुकानात हाऊबेर म्हणून मिळतात. तिची पानं टोकदार सुया असतात, बोटाला टोचतात. एका पेरावर तीन-तीन सुया, आणि प्रत्येक सुईच्या वरच्या बाजूला मधोमध एकच पांढरा पट्टा. नर झाड वेगळं, मादी वेगळं. फळ वाटाण्याएवढं, गुळगुळीत, आधी हिरवं, मग जांभळट काळं, वर निळसर साय. ते पिकायला दीड ते तीन वर्षं घेतं, म्हणून एकाच फांदीवर गेल्या वर्षीचं काळं आणि यंदाचं हिरवं शेजारी शेजारी दिसतं. तोडणाऱ्याला हिरवं सोडून काळं तेवढं घ्यावं लागतं. युरोपात खाली कापड पसरून फांदीवर काठी मारतात, पिकलेलं पडतं आणि कच्चं राहतं. हे फळ कधीच तडकत नाही. कस्तुर जातीचे पक्षी ते अख्खं गिळतात आणि बी दुसरीकडे टाकतात.

मी 'फळ' म्हणतेय, पण वनस्पतिशास्त्राच्या वर्गात असं म्हणाल तर गुण जातील. ही झाडं अनावृतबीजी, त्यांना फूल नाही, म्हणून फळही नाही. पाईनचा लाकडी शंकू आपण पाहिलेला असतो. ज्युनिपरमध्ये त्याच शंकूचे तीन खवले मांसल होऊन एकमेकांत विरघळल्यासारखे जुळतात. वाळलेलं हाऊबेर भिंगाखाली धरलं तर टोकाशी तीन रेघा एका बिंदूत मिळालेल्या दिसतात, मर्सिडीजच्या चिन्हासारख्या. त्या तीन खवल्यांच्या शिवणी. ही खूण मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी दाखवायचे, कारण एकदा दिसली की आयुष्यभर दिसते.

आपल्याला या झाडांची पारख नसते, त्याला कारण आहे. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत एकही शंकुधारी झाड मूळचं नाही. अख्ख्या दक्षिण भारतात मूळचं असं एकच, तेही केरळ-तमिळनाडूकडच्या घाटात. काशिद-अलिबागच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन लांबून पाईनसारखं दिसतं खरं, पण सुरू हे चक्क फुलझाड, आणि तेही बाहेरून आलेलं. गंमत म्हणजे 'सुरू' हा शब्द फारसीतल्या 'सर्व'वरून आला आणि सर्व म्हणजे सायप्रस, आपल्या मोरपंखीचा चुलतभाऊ. नाव तेवढं इथे आलं आणि भलत्याच झाडाला चिकटलं. ज्युनिपरच्या बाबतीत नर्सरीत तेच चाललंय.

तर तुमच्या घरचं झाड बाजूला ठेवू. समजा उद्या दुकानात हाऊबेर मिळालं, तरी सगळं सुटलं असं नाही.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये कम्युनिस ही जात नोंदली, पण ज्युनिपर या प्रजातीत साठेक जाती आहेत. कम्युनिसचा पसारा सगळ्या शंकुधारी झाडांत मोठा. युरोप, उत्तर आशिया, उत्तर अमेरिका, आणि आपल्याकडे काश्मीरपासून पूर्वेकडे हिमालयात उंचावर, तिथे ती बहुतेक आडवी पसरलेली झुडपं असतात. त्याच डोंगरांत ज्युनिपरस इंडिका, स्क्वामाटा, रिकर्वा आणि जरा कोरड्या भागात पॉलिकार्पस याही वाढतात. गोळा करणाऱ्या माणसाला ही सगळी 'काळी फळं'. पोतं खाली उतरतं तेव्हा त्यात काय काय असतं, हे भगवंतालाच ठाऊक.

म्हणून आमच्या टेबलावर पहिली चाचणी अगदी साधी होती, बिया मोजायच्या. दहा-वीस फळं कोमट पाण्यात तासभर भिजवायची, ब्लेडने आडवी कापायची. कम्युनिसमध्ये बहुधा तीन बिया, क्वचित दोन किंवा एक. इंडिका, स्क्वामाटा आणि रिकर्वा या तिघींत एकच बी. पॉलिकार्पसमध्ये कधी दोन, कधी चार-पाच. शिवाय कम्युनिसच्या बीच्या पाठीवर राळेचे बारीक फोड असतात आणि कापताना ब्लेड चिकट होतं. एकदा तुर्भ्याच्या मसाला बाजारातून आलेल्या नमुन्यात मी वीस फळं कापली, तर निम्म्याहून जास्त एकबीजी निघाली. माल देणारा फोनवर म्हणाला, "ताई, वास घेऊन बघा ना, एकदम ओरिजनल आहे." वास होता, छानच होता. पण वास सगळ्याच ज्युनिपरांना येतो. माल परत गेला. तो पुढे कुणाकडे खपला असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही आणि आता करून उपयोग नाही.

तुम्हाला घरी हे सहज जमेल. दुकानदाराकडून आधी दोन चमचे आणा, पाच-सहा फळं कापा, टोकाच्या तीन रेघा आणि आतल्या तीन बिया बघा. दातांखाली एक चावून बघा, आधी गोडसर, मग कडवट, मग नाकात चढणारा टर्पेंटाइनसारखा झणका. दाबल्यावर पीठ होत असेल, झणका नसेल, तर माल जुना आहे. तेल उडून गेलं की उरतो तो चोथा.

त्या तेलातच सगळी मेख आहे. वाळलेल्या फळात ते साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. त्यात मुख्य पायनीन, शिवाय मायर्सीन, सॅबिनीन, लिमोनीन आणि टर्पिनेन-४-ऑल. लघवी वाढवण्याचं श्रेय या शेवटच्याला दिलं जातं. प्रमाण जागेनुसार, जातीनुसार, साठवणीनुसार बदलतं, म्हणून 'इतकी फळं घाला' असं सांगायला मी धजत नाही.

आता परंपरेबद्दल. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हपुषेचे दोन प्रकार दिलेत, एकाला माशासारखा उग्र वास, दुसऱ्याचं फळ पिंपळाच्या फळासारखं. म्हणजे एका नावाखाली दोन वस्तू हा गोंधळ तेव्हाच्या वैद्यांनाही माहीत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. आयुर्वेदात हपुषेचा भर पोटावर: उदर (पोटात पाणी होणं), गुल्म (पोटातला गोळा), मूळव्याध, प्लीहा (पाणथरी वाढणं). नारायण चूर्णाच्या यादीतही ती आहे. लघवीच्या तक्रारींसाठी तिची ख्याती जास्त करून युरोपातली. युनानी हकीम तिला अबहल म्हणतात आणि पाळी आणण्यासाठी वापरत. हे वाक्य मी मुद्दाम लिहिलं, कारण घरात कुणी गरोदर असेल तर हा काढा तिच्या हाताला लागता कामा नये. ज्युनिपरमधलीच सबिना नावाची जात तर उघड विषारी, जुन्या युरोपात गर्भ पाडायला वापरलेली. वाळलेली फळं मिसळून आली तर ती डोळ्यांनी वेगळी काढणं कठीण.

औषधापलीकडे बघितलं तर या झाडाचा संसार मोठा आहे, आणि मला खरं तर त्यातच जास्त रस. हेमिस शुकपाचन नावाचं लडाखमध्ये एक गाव आहे, नावातला शुकपा म्हणजे ज्युनिपर. गावाजवळ जुन्या शुकपांची राई आहे, लोक तिला पवित्र मानतात. खोड पीळ घातल्यासारखं, साल दोऱ्यांसारखी सुटणारी. सकाळी तिथल्या घरात विस्तवावर चिमूटभर पाला टाकतात आणि धूर खोल्याखोल्यांतून फिरवतात. मी तो वास पहिल्यांदा घेतला तेव्हा मला पेन्सिल तासण्याची आठवण झाली. ती उगाच नव्हती. जुन्या पेन्सिली अमेरिकेतल्या ज्युनिपरस व्हर्जिनियाना या जातीच्याच लाकडाच्या असत, बाजारात तिला 'सिडर' म्हणत. हल्ली आपल्या पेन्सिली पॉप्लरच्या, त्यांना तो वास नाही. आपण 'धूप' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर राळ नाहीतर ऊद येतो, हिमालयात मात्र धूप म्हटलं की बऱ्याच ठिकाणी हा पाला. नेपाळीत तर ज्युनिपरला धूपीच म्हणतात.

स्वयंपाकातही आहे. जर्मन लोक कोबीच्या लोणच्यात आणि शिकारीच्या मटणात पाच-सात फळं ठेचून घालतात, आपण तमालपत्र घालतो तशी. फिनलंडमध्ये साहती नावाची घरगुती बिअर ज्युनिपरच्या डहाळ्यांवरून गाळतात. आणि जिन! जिन हा शब्दच या झाडाच्या डच-फ्रेंच नावावरून आला. ज्युनिपरचा स्वाद पुढे नसेल तर युरोपात त्या दारूला जिन म्हणता येत नाही. एका भारतीय जिनने तर हपुषा हेच नाव घेतलंय. ज्युनिपरच्याच ऑक्सिसेड्रस जातीचं लाकूड जाळून डांबरासारखं काळं केड तेल काढतात, ते त्वचारोगांवर आणि गुरांच्या खरजेवर लावत.

आईंकडे परत येऊ. युरोपातल्या औषधग्रंथांत ज्युनिपर पारंपरिक औषध म्हणून नोंदलं आहे, किरकोळ लघवीच्या तक्रारींत भरपूर पाण्यासोबत आणि अपचनासाठी. त्याच नोंदींमध्ये इशारेही आहेत. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असेल, हृदयामुळे पाणी मोजून प्यायचं असेल, तर घेऊ नये. आता तुमच्या प्रश्नात मला खटकलेल्या दोन गोष्टी. एक, खडा केवढा आणि कुठे अडकलाय हे तुम्ही लिहिलं नाही. मूत्रवाहिनीत खडा अडकून मूत्रपिंड फुगलेलं असेल तर लघवी वाढवणारं काहीही देणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतणं. सोनोग्राफीचा कागद काढून वैद्यांना दाखवा. दुसरं, रक्तदाबाची गोळी. त्यातल्या काही गोळ्याच मुळी लघवी वाढवणाऱ्या असतात. गोळीचं नाव वैद्यांना आणि काढ्याची यादी डॉक्टरांना, दोघांनाही कळायला हवी. साखरेची गोळी चालू असेल तर तीही सांगा. ताप, थंडी, कंबरेत असह्य कळ किंवा लघवी बंद, यातलं काही झालं तर काढ्याची वाट न बघता दवाखाना गाठा.

हपुषा मिळालीच नाही तर? वैद्यांना तेवढंच विचारा, 'ही वगळून काढा करू का, की बदली काय घालू?' मूतखड्यासाठी आपल्याकडे गोखरू, पाषाणभेद, वरुण अशी द्रव्यं परंपरेत आहेत आणि ती सहज मिळतात. कुठलं चालेल ते तेच सांगतील. तुम्ही आपल्या मनाने बदलू नका.

मोरपंखीची पानं किंवा बी चीनच्या परंपरेत औषधात आहेत, हेही तुम्हाला वाचायला मिळेल आणि ते खरं आहे. पण ते वेगळं औषध, वेगळ्या कारणासाठी, तिथल्या पद्धतीने शोधून-भाजून दिलेलं. होमिओपॅथीत चामखिळीला देतात तो 'थुजा' आणखी वेगळा, अमेरिकेतला. त्याच्या पानांच्या तेलात थुजोन हे मज्जासंस्थेला घातक द्रव्य भरपूर असतं. नावं सारखी म्हणून पाला उकळून प्यायचा प्रयोग कुणी करू नये.

खरं ज्युनिपर ठाण्यात लावता येईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. कम्युनिस नाही. तिला थंडी हवी, कोरडी हवा हवी आणि मुळांशी पाणी न साचणारी जमीन हवी. आपल्याकडे यातलं एकही नाही. चायनेन्सिस जातीची काही रोपं तग धरतात, उघड्या गच्चीत, रेताड मातीत. मी स्वतः एकदा वाशीच्या प्रदर्शनातून ज्युनिपरचा बोन्साय आणला होता, डिसेंबरात. हौसेने दिवाणखान्यात ठेवला. फेब्रुवारीपर्यंत हिरवागार. एप्रिलमध्ये एक डहाळी हाताला लागली तर कुरकुरीत, चकलीसारखी मोडली. ही झाडं मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवी दिसतात. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई महिनाभर मेलेल्या झाडाला पाणी घालत होती, हे आमच्या घरात अजून निघतं.

तुमच्या मोरपंखीला मात्र ठाणे मानवलेलं दिसतंय, तिला हलवू नका. आणि माझ्या ओळखीवर विश्वास ठेवायची गरज नाही. एखादं फळ तपकिरी व्हायला लागलं की तोडा आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये वर्तमानपत्रावर उन्हात ठेवा. ते तडकून गव्हाच्या दाण्याएवढं, पंख नसलेलं तपकिरी बी कागदावर पडलं तर ती मोरपंखीच. बी फेकू नका, कुंडीत पेरा, उगवते. आणि महिनाभर ठेवूनही फळ तडकलं नाही, नुसतं सुरकुतलं, तर फांदीचा आणि कापलेल्या फळाचा जवळून फोटो काढून इथे टाका, मी परत बघते.